हातात किती पडतात?

भिमाजीचं पत्र सावळाराम गुरुजींना आठवलं ते शिरूरच्या कॉलेजात, फीमाफीच्या खिडकीपाशी. तीन वर्षं ते पत्र त्यांच्या ट्रंकेत, व्याकरणाच्या जुन्या पुस्तकात पडून होतं. उत्तर गेलेलं नव्हतं. उत्तरात लिहायचंही फार नव्हतं, एक आकडा लिहायचा होता. तेवढाही गुरुजींच्या हातून लिहिला गेला नव्हता.

खिडकीमागच्या कारकुनानं जाईचा अर्ज उलटसुलट केला. त्याला टाचलेला बापाच्या पगाराचा दाखला वाचला आणि चष्म्यावरून गुरुजींकडं बघितलं.

"गुरुजी, तीनशे बेचाळीस रुपये पगार हाय तुम्हाला."

"हो. म्हणजे, कागदावर तसाच आहे."

"मग मी कागदच बघनार ना? वर्षाचे झाले चार हजारांच्या वर. माफी चोवीसशेच्या आतल्याला हाय."

"तसं नव्हे, पण..."

"पण काय?"

गुरुजींच्या मागं एक म्हातारा मेंढपाळ नातवाचा अर्ज दोन्ही हातांत, ताटासारखा आडवा धरून उभा होता. कारकुनानं त्याच्याकडं बोट केलं.

"ही खिडकी ह्यांच्यासाठी हाय. तुमचा पगार चांगला हाय, खाऊनपिऊन सुखी हाय तुम्ही. गरिबाच्या वाटणीचं कशाला घेताय, गुरुजी?"

कारकून उद्धट नव्हता. त्याच्या समोरचा कागद जे सांगत होता तेच तो बोलत होता, आणि त्यानंच गुरुजींच्या कानशिलात कुणी मारल्यासारखं झालं. त्यांनी अर्ज परत घेतला आणि म्हाताऱ्याला वाट करून दिली.

एसटी स्टँडपर्यंत जाई बापाच्या दोन पावलं मागून चालली. एसएससीला अडुसष्ट टक्के मिळवलेली पोर. सकाळी निघताना आईनं तिच्या वेणीला नवी रिबन लावून दिली होती. न्हावऱ्याच्या गाडीला वेळ होता. बाकावर बसल्यावर तिनं हळूच विचारलं, "दादा, तुम्हाला तीनशे बेचाळीस मिळतात?"

"कागदावर."

"आई तर एकशे नव्वदच म्हनते. मग बाकीचे कुठं जातात?"

प्रश्न साधा होता. पण विचारताना पोरीनं बापाच्या तोंडाकडं बघितलं नाही, पायातल्या चपलेकडं बघितलं. गुरुजींच्या लक्षात आलं, की तिला काहीतरी भलतंच वाटतंय. बाटली, पत्ते, नाही तर आणखी काही. बापाबद्दल असं वाटायची वेळ तिच्यावर आली होती आणि आणणारे आपणच होतो.

"सांगेन," एवढंच ते म्हणाले.

सांगायचं म्हणजे काय, ते गावातल्या सगळ्या मास्तरांना ठाऊक होतं. न्हावऱ्याहून चार मैल आत, घोड नदीच्या अंगाला शिक्षण मंडळाचं विद्यालय होतं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ऑफिसातल्या टेबलावर पगारपत्रक उघडायचं. शिपाई म्हाळू शाईचं पॅड घेऊन बाजूला उभा राहायचा, कारण स्वतः त्याला आणि पाणी भरणाऱ्या भागुबाईला अंगठा लावावा लागायचा. मास्तर रांगेनं यायचे. पत्रकावरच्या रेव्हेन्यू तिकिटावर सही करायची ती सरकारनं मंजूर केलेल्या पूर्ण पगारावर. मग त्याच पेनानं दुसऱ्या कागदावर सही करायची. त्यावर लिहिलेलं असायचं: 'मंडळाच्या इमारत निधीस स्वखुशीने देणगी.' गुरुजींची स्वखुशी दरमहा एकशे बावन्न रुपयांची होती. उरलेले एकशे नव्वद हातात पडायचे.

इमारत नऊ वर्षांत दोन खोल्यांनी वाढली होती. मंडळाचे अध्यक्ष हौसराव आप्पा मात्र सायकलवरून फटफटीवर आणि फटफटीवरून जीपवर आले होते.

ह्यात गुरुजींचं जास्त दुखणं असं, की देणगीच्या त्या पावत्या त्यांच्याच हातच्या असायच्या. शिंप्याचा मुलगा; बापाच्या टाक्यासारखं त्यांचं अक्षर सरळ आणि नीट. आप्पा म्हणायचे, "गुरुजी, तुमचं अक्षर बगितलं की सरकारलाबी खरं वाटतं." चौदा मास्तरांच्या चौदा पावत्या. दर महिन्याला 'स्वखुशीने' हा शब्द गुरुजी चौदा वेळा लिहायचे.

आणि त्याहून लाजेची गोष्ट, जी त्यांनी बायकोला, मुक्ताबाईलासुद्धा कधी सांगितली नव्हती, ती ही की कागदावरचा तो पगार त्यांना आवडायचा. सासुरवाडीला कुणी विचारलं, की ते तीनशे बेचाळीस सांगायचे. मेव्हण्याच्या चेहऱ्यावर आदर दिसायचा. ते क्षणभर स्वतःलाच तीनशे बेचाळीसचे वाटायचे.

भिमाजी आला तो असल्या कुठल्याच कागदावर न भुलणारा. राहूचा, बौद्धवाड्यातला, आईबापांनी उसाच्या खुरपणीवर शिकवलेला. बी.एस्सी. होऊन गणित शिकवायला आला होता. पहिल्याच पगाराला त्यानं पहिली सही केली आणि दुसरा कागद बोटानं परत सारला.

"हे काय हाय?"

"देणगी," गुरुजी म्हणाले. "सगळेच देतात."

"स्वखुशीनं लिव्हलंय. माझी खुशी न्हाई. मग सही कशी करू?"

खोलीत कुणी हसलं नाही. आप्पांनीही आवाज चढवला नाही. "न्हाई तर न्हाई," म्हणाले. त्या दिवशी भिमाजीला पगार मिळाला नाही. पुढच्या महिन्यात नाही, त्याच्या पुढच्याही नाही. सहा महिने तो उधारीवर शिकवत राहिला. त्रैराशिक त्याच्यासारखं आजवर कुणी शिकवलं नव्हतं. सातव्या महिन्यात आप्पांनी गुरुजींना बोलावून घेतलं.

"गुरुजी, जरा चार ओळी लिवून काढा. काम असमाधानकारक, म्हनून सेवा समाप्त. तुमच्या अक्षरात बरं दिसंल."

"आप्पा, शिकवतो चांगला हो तो."

"मी कुठं म्हनतो वाईट शिकवतो? अवो, त्येला काय कमी? त्येंच्यासाठी सरकारनं जागा राखून ठिवल्यात. हितनं उठला की तिथं बसंल. तुम्हाला कोन बसवनार?"

गुरुजींनी चार ओळी लिहून काढल्या.

महिन्याभरानं दौंडहून जोडकार्ड आलं. जोडकार्ड म्हणजे एकाला एक चिकटलेली दोन पोस्टकार्डं. एकावर मजकूर लिहायचा, दुसरं कोरं ठेवायचं. ज्याला धाडलं त्यानं ते फाडून त्यावर उत्तर लिहावं, तिकिटाचा खर्चही त्याला पडू नये, अशी सोय. भिमाजीनं कोऱ्या कार्डावर स्वतःचा दौंडचा पत्ता आधीच घातला होता. मजकूर थोडका होता.

'सावळाराम गुरुजींस जयभीम. मला काढल्याचे पत्र तुमच्या अक्षरात मिळाले. त्याबद्दल राग नाही. मी कोर्टात गेलो आहे. पूर्ण पगारावर सही घेऊन निम्मा देतात हे माझे म्हणणे. परंतु मला काढलेले, त्यामुळे मी खोटे बोलतो असे ते म्हणणार. जो अजून नोकरीत आहे अशा एकाने लिहून द्यायला हवे. तुमच्या हातात किती पडतात? एवढा आकडा आणि खाली सही. बाकी काही लिहू नये. भिमाजी.'

'राग नाही' हे वाक्य गुरुजींना सगळ्यात जास्त लागलं होतं. कार्ड त्यांनी पुस्तकात ठेवलं. उद्या लिहू, म्हणाले. परीक्षा झाल्यावर लिहू, म्हणाले. मग न लिहिण्याचीच सवय झाली.

दोघं शिरूरहून परत आल्यावर मुक्ताबाईनं पोरीच्या तोंडाकडं बघूनच ओळखलं. तिनं चुलीवरचं कालवण खाली उतरवलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग जाईला पाणी आणायला धाडून दिलं.

"पोरीला वाटतंय, तुम्ही बाकीचं उडवता," ती म्हणाली.

"मला कळलं ते."

"कळलं? मग घशाखाली भाकर कशी उतरती? सतरा वरसं झाली लगनाला, एक सुपारीचं खांड तोंडात टाकलं न्हाई तुम्ही. आन् पोरीनं असं म्हनावं?"

"मी उद्या आप्पांना भेटतो. खरा दाखला मागतो."

"मागा. मागताना खाली मान घालू नका, एवढं करा."

आप्पा सोसायटीच्या ओट्यावर बसले होते. शेजारी जीप उभी होती आणि ड्रायव्हर तिच्या काचा पुसत होता. गुरुजींनी जाईचं सांगितलं. कारकून काय म्हणाला तेही सांगितलं. आप्पांनी सगळं मन लावून ऐकलं. हीच त्यांची खुबी होती. ते कुणाचंही मन लावून ऐकायचे.

"म्हंजी एकशे नव्वदाचा दाखला पायजे?"

"खरा तोच आहे, आप्पा."

"खरा हाय वो. पन तसा दाखला दिला तर मंडळच आत जाईल की. शाळा बंद पडंल. तुमची नोकरी जाईल त्यात, माझं काय?" आप्पा हसले. "आन् मला सांगा गुरुजी, मानसाला सुखानं जगायला लागतं किती? घर तुमचं, पानी नदीचं. शिकलेल्या मानसाला येसन न्हाई. दोनशेच्या आत राजावानी ऱ्हातंय मानूस. जादा पैसा आला की नड वाढती. मी तर म्हनतो, एकशे नव्वद हा चांगला पगार हाय. बाजूच्या गावात जाऊन इचारा, मास्तर लोक एकशे साठात हायेत."

गुरुजी जीपकडं बघत राहिले. आपल्याला किती पुरतं हे दुसऱ्याच्या ओट्यावर ठरतं, आणि ठरवणाऱ्याला स्वतःचं किती पुरतं हे कधी कुणी विचारत नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं.

"पन तुमची पोर हुशार हाय," आप्पा पुढं म्हणाले. "तिचं नुसकान हुनार न्हाई. मंडळाचा गरीब विद्यार्थी निधी हाय. वर्षाची फी आम्ही भरतो. पंधरा ऑगस्टाला झेंडा झाला, की ग्रामस्थांसमोर पोरीला पाकीट देऊ, नारळ देऊ. तुम्ही एक अर्ज तेवढा लिवा. परिस्थिती हलाखीची, मंडळानं उपकार करावेत, असा. तुमच्या अक्षरात झाक दिसंल. मी त्यो फ्रेम करून ऑफिसात लावतो."

ड्रायव्हर काच पुसता पुसता म्हणाला, "आप्पांचं मन लई मोठं."

गुरुजी घराकडं निघाले. राग त्यांना क्वचित यायचा, आणि आला की तो आपला आहे याची त्यांना खात्री वाटायची नाही. आपण जास्त तर बोलत नाही ना? आप्पा फी देतायत, त्यात वाईट काय? असं ते रस्ताभर स्वतःशी घोळवत आले. उंबऱ्याशी मुक्ताबाई धान्य निवडत होती. तिला सांगता सांगताच त्यांचा आवाज चिरकला.

"माझेच पैसे, मुक्ता. नऊ वर्षं घेतलेले. त्यातलेच मला परत द्यायचे, आणि मी हात जोडून घ्यायचे. लोकांनी टाळ्या वाजवायच्या!"

मुक्ताबाईनं सूप बाजूला ठेवलं.

"सुखानं जगायला किती लागतं म्हनाला त्यो?"

"दोनशेच्या आत."

"आन् त्येच्या जीपला म्हैन्याला तेल किती लागतं, इचारलं न्हाई तुम्ही?" ती म्हणाली. "मला इचारलं असतं तर मी सांगितलं असतं. वीस तारखेच्या पुढं पाव्हना दारात आला, आन् साखरेची वाटी घिऊन मला शेजारी पळावं लागलं न्हाई, त्यो चांगला पगार. लई मागत न्हाई मी. नऊ वरसांत एक म्हैना असा गेला न्हाई. मागच्या येळंला माझा भाऊ आला, तीनशे बेचाळीसवाल्या दाजींकडं, तवा मी बिनसाखरेचा चहा केला आन् म्हनलं, तुमच्या दाजींना गोड चालत न्हाई."

गुरुजींनी मान वर केली. म्हणजे तिला ठाऊक होतं. सासुरवाडीला ते काय सांगायचे ते तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि तिनं ते सांभाळून घेतलं होतं.

दाराआडून जाई बाहेर आली. "दादा, टाळ्या वाजवून दिलेली फी मला नको."

"मग वर्ष वाया जाईल, बाळा."

"जाऊ दे. पन तुम्ही तो अर्ज लिहू नका."

त्या दोघींसमोर गुरुजींनी ट्रंक उघडली, व्याकरणाचं पुस्तक काढलं आणि भिमाजीचं कार्ड जाईच्या हातात दिलं. तिनं ते वाचलं. मग जोडलेलं कोरं कार्ड उलटून बघितलं.

"हे तुम्ही लिहिलंच न्हाई?"

"नाही."

तिनं कार्ड परत त्यांच्या हातात दिलं. बाकीचे कुठं जातात, हे तिला कळलं होतं. पण त्याबरोबर बापाबद्दल आणखीही एक गोष्ट कळली होती, आणि ती बाटलीपेक्षा फार बरी नव्हती.

रविवारी दोन एसट्या बदलून गुरुजी दौंडला गेले. कार्ड खिशात होतं, कोरंच. प्रत्यक्ष भेटून सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. भेटून सांगितलं की लिहायचा प्रश्न मिटतो, अशी एक चोरटी आशाही त्यांच्या मनात होती. पत्त्यावरच्या बाईनं मालधक्क्याकडं बोट दाखवलं. मालगाडीच्या वाघिणीतून खताची पोती उतरत होती. कानाला पेन्सिल लावून भिमाजी एका फळीवर खडूनं रेघा ओढत होता. पाच पोती झाली की आडवी रेघ. तो वाळला होता आणि केसांवर खताची पांढरी भुकटी बसली होती.

"गुरुजी?" तो म्हणाला. "वाट चुकला का काय?"

"भिमाजी, मी सांगायला आलोय. एकशे नव्वद. माझ्या हातात एकशे नव्वद पडतात."

भिमाजीनं ऐकलं. मग तो हसला. पण ते हसू गुरुजींना बघवलं नाही.

"मला ठाऊक न्हाई व्हय? त्याच टेबलापाशी मीबी उभा होतो. मला कळावं म्हनून विचारलंच नव्हतं. कोर्टाला कळावं म्हनून विचारलं होतं."

"कार्ड आणलंय मी. इथंच लिहून देतो, पेन दे."

"इथं नको."

"का?"

"हातातनं हातात दिलेल्या कागदाला काय किंमत? त्यांचा वकील म्हननार, दौंडात बसवून लिहून घेतला. तुमच्या गावच्या पोस्टाचा शिक्का पायजे. तारखेसकट."

"पण पोस्ट तर पोपटच्या दुकानात आहे. पोपट आप्पांच्या भावकीतला. उघडं कार्ड, तो वाचणार. दिवस मावळायच्या आत आप्पांना कळेल."

"म्हनून तर पाकीट न्हाई पाठवलं गुरुजी, कार्ड पाठवलं," भिमाजी म्हणाला. "झाकून लिहिनारे लई मिळाले मला. पोटात ठिवा, आमचं नाव घेऊ नका, असं सांगनारे. चौघे-पाच झाले. मला उघडं पायजे."

एक पोतं फुटलं. हमाल ओरडला. भिमाजीनं त्याला काही सांगितलं आणि परत आला.

"तू लिहिलं होतंस, राग नाही."

"तवा नव्हता. आता हाय. तीन वर्षांचा हाय." त्यानं रुळांकडं हात केला. "गेल्या म्हैन्यात हितं संप झाला. ज्यांच्या घरात चूल पेटायची पंचाईत, असल्या मानसांनी नोकऱ्या पणाला लावल्या. कितीकांच्या गेल्या. आन् तुमच्याच्यानं एक कार्ड टाकवलं न्हाई. तिकीटसुदिक माझं होतं त्याच्यावर."

गुरुजींनी खिशातलं कार्ड चाचपलं. मग भिमाजीच नरम आवाजात म्हणाला, "चला, चहा घ्या."

टपरीवर त्यानं पैसे काढू दिले नाहीत. "राहू द्या. रोज पाच रुपये मिळतात मला. मास्तराचा पगार न्हाई हा. बायको म्हनती, ह्यात भागत न्हाई, आन् खरंच भागत न्हाई. पन पाचावर सही न् पाचच हातात. त्या शाळेत मला तेवढंच पायजे होतं." बशीतला चहा त्यानं एका घोटात संपवला. "ऑगस्टात तारीख हाय. शेवटची. मी आता वाट बघत नसतो, पन सांगून ठिवतो."

सोमवारी सकाळी आंघोळ करून गुरुजी ओसरीवर लिहायला बसले. भिमाजीनं आकडा आणि सही एवढंच मागितलं होतं. गुरुजींनी थोडं जास्त लिहिलं. कार्ड लहान, पण त्यांचं अक्षर बारीक होतं.

'माझा कागदावरचा पगार रु. ३४२. हातात पडतात रु. १९०. नऊ वर्षे असेच चालू आहे. उरलेल्या रकमेच्या पावत्या मी माझ्या हाताने लिहितो. त्यात स्वखुशीने असे लिहिलेले असते, ते खोटे आहे. तुम्हाला कामावरून काढल्याचे पत्रही माझ्या हातचे, त्यातील मजकूरही खोटा आहे. तुम्ही उत्तम शिकवत होता. उशिराबद्दल क्षमा मागण्याची माझी योग्यता नाही. सावळाराम.'

सही करताना त्यांचा हात थांबला. पूर्ण नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, खाली शाळेतला हुद्दा लिहिला. मग खाली उरलेल्या बोटभर जागेत आणखी एक ओळ घातली: 'हे मी स्वखुशीने लिहीत आहे.'

जाईनं त्यांच्या खांद्यावरून वाचलं आणि चपला घातल्या. "मी येते."

पोपटच्या दुकानात एका बाजूला गूळ-शेंगदाणे, दुसऱ्या बाजूला पोस्टाची पेटी, तराजू आणि शिक्का असायचा. दहाची वेळ. अकराच्या गाडीला टपालाची पिशवी जायची. दोघी-तिघी बाया तेलासाठी थांबल्या होत्या. शिपाई म्हाळू शाळेसाठी खडूची पेटी न्यायला आला होता. गुरुजींनी कार्ड पेटीत टाकलं नाही. फळीवर पोपटच्या समोर ठेवलं.

पोपटनं सवयीनं आधी मजकूर वाचला, मग पत्ता. मग मजकूर पुन्हा वाचला. त्याचे ओठ हलायचे थांबले.

"गुरुजी," तो हळू आवाजात म्हणाला, "ह्ये चालनार न्हाई. जुनं कार्ड हाय. कार्डाचा भाव वाढला गेल्या म्हैन्यात, तिकीट कमी पडतंय."

"किती?"

"पाच पैसे."

गुरुजींनी खिसे चाचपले. जाईनं रुमालाच्या गाठीतून पाच पैशांचं नाणं काढून फळीवर ठेवलं. पोपटनं तिकीट दिलं नाही.

"पिशवी भरली माझी."

"तुमच्या मागं खुंटीला लटकतीय," जाई म्हणाली. "तोंड उघडं हाय तिचं."

"गुरुजी, ऐका माझं. शिरूरला जाता ना तुम्ही? तिथं टाका. मी काय बगितलं न्हाई. परवा आप्पा सांगत होते, फी भरनार हाय पोरीची. कशाला हातानं..."

"इथलाच शिक्का पाहिजे, पोपट."

तेलाला थांबलेल्या बाया बोलायच्या थांबल्या. पोपटनं तिकीट फाडलं, ओलं करून चिकटवलं आणि शिक्क्याकडं हात न नेता तसाच बसून राहिला.

म्हाळूला वाचता येत नव्हतं. पण पहिल्या आठवड्यातल्या ऑफिसात सगळे कसे गप्प होतात ते त्यानं नऊ वर्षं पाहिलं होतं, आणि इथं तसलंच काहीतरी चाललंय हे त्याला कळलं. त्यानं खडूची पेटी खाली ठेवली. फळीच्या कडेला शाईचं पॅड पडलं होतं. दर महिन्याला टेबलापाशी धरतो तसं त्यानं ते उचललं, झाकण काढलं आणि दोन्ही हातांनी पोपटच्या पुढ्यात धरलं.

"मारा," तो म्हणाला. "शाळेची घंटा द्यायची हाय मला."

पोपटनं शिक्का मारला. पॅड कोरडं होतं. गुरुजी फळीवर वाकले, चष्मा वर केला आणि कार्ड डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

"तारीख उमटली नाही," ते म्हणाले. वर्गाबाहेर आयुष्यात कुणाला केलेलं काम परत करायला त्यांनी सांगितलं नव्हतं. "पुन्हा मारा."

पोपटनं बाटलीतली शाई पॅडवर ओतली. दुसरा शिक्का काळाभोर उमटला. गाव, तारीख, सगळं वाचता येत होतं. गुरुजींनी शाई वाळेपर्यंत कार्डावर फुंकर घातली आणि मग स्वतःच्या हातानं ते पिशवीत टाकलं.